चार बोटं अंतर

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मच्छिंद्र शिरूरच्या बाजारात पूजेचं सामान आणायला गेला. काम साधंच होतं. नारळ, हळदकुंकू, कापूर, झेंडूची फुलं, पेढे. पाणी सोसायटीच्या चेअरमन पोपटरावांनी स्वतःच्या हातानं यादी लिहून दिली होती आणि तिच्या शेवटी होतं, 'लाल-पिवळा दोरा, एक रीळ.' दुकानदारानं रीळ पुढ्यात ठेवलं, तसा मच्छिंद्रनं हात मागं घेतला.

"दोरा नगं."

"आरं, यादीत हाय की. अवजारास्नी बांधाय लागतोच."

"नगं म्हणलं ना एकदा."

दुकानदारानं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं आणि रीळ गुपचूप खोक्यात टाकलं. सणासुदीचं गिऱ्हाईक, त्याच्याशी कोण वाद घालणार? मच्छिंद्रनं पिशवी उचलली, न्हावऱ्यापर्यंत एसटी धरली आणि पुढं सायकलीवर टांग टाकली. दिवस मावळायच्या आत त्याला पंपहाऊसवर पोचायचं होतं. सहाला विजेची लाइन यायची आणि खालच्या गावाची पाण्याची पाळी सुरू व्हायची.

हे पंपहाऊस घोडनदीच्या काठावर, इनामगावच्या थोडं पुढं. बहात्तरच्या दुष्काळानं तोंडचं पाणी पळवल्यावर दोन गावांनी मिळून उपसा सिंचनाची सोसायटी काढली आणि हे दगडी बांधकाम उभं केलं. आत दोन दांडग्या मोटरी आणि भिंतीपासून दीड हात सोडून उभं केलेलं, माणसाच्या डोक्यावर जाणारं लोखंडी पॅनेल. आपल्या घरातला दिवा दोनशेतीस व्होल्टांवर जळतो. या मोटरींना तेहतीसशे लागत.

जागा एकलकोंडी. तशात जवळच्या टेकाडावर पुण्याची मंडळी येऊन खोदकाम करत होती. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं तिथं घरातल्याच जमिनीखाली पुरलेली सापडली होती, आणि पुष्कळांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेल्यावर उठून चालू नये म्हणून तसं करत असावेत, असं ती मंडळी सांगत. एवढं कळल्यावर गावाला आणखी काय हवं? पंपहाऊसकडं दिवेलागणीनंतर कुणी फिरकेनासं झालं.

याला हसणारा एकच माणूस होता. हौशीरामआप्पा, पंपहाऊसचे पहिले वायरमन. मूळचे खुटबावचे, दौंडला रेल्वेत वीस वर्षं विजेचं काम करून इकडं आलेले. उजव्या खिशात टेस्टर, डाव्या खिशात बाबासाहेबांचा छोटा फोटो. देव मानत नसत, भूत तर त्याहून नाही. एकदा अंधारात पॅनेलच्या मागं निळसर उजेड दिसला म्हणून मच्छिंद्र ओरडत बाहेर पळाला होता, तेव्हा आप्पांनी त्याला मानगुटीला धरून परत आत नेलं होतं.

"भूत न्हाई ते, येड्या. ओल धरलीया केबलीनं. पुसून घे."

"पर आप्पा, ती टेकाडावरली पाय तोडलेली..."

"पाय तोडून काय व्हतंय रं? ज्याचं काम आर्धं ऱ्हायलं त्यो हातावर चालत यील." आणि खो खो हसले होते.

मच्छिंद्र तेव्हा त्यांचा मदतनीस होता. चेअरमनच्या भावकीतला म्हणून चिकटवलेला, पण पोरगा हाताचा बरा होता आणि आप्पांनी त्याला जीव लावून शिकवलं. पॅनेलच्या पाठीमागं एक दार होतं. ते उघडलं की वरून खाली उतरणाऱ्या तीन काळ्या केबली दिसायच्या. त्यांच्या मधोमध आप्पांनी सागाचे ठोकळे बसवलेले, मेणात उकळून काढलेले, काळपट, ओबडधोबड.

"वरनं रबर दिसतंय म्हणून भुलू नगं," आप्पा सांगायचे. "भारीतल्या केबलीला रबरावरनं तांब्याची पट्टी गुंडाळल्याली असती. ती आतली वीज आतच ठिवती. हिला ती न्हाई. हिच्या रबरावर बी वीज खेळती, दिसत न्हाई इतकंच. ह्या तिघी जावा हायेत बघ. एका घरात नांदतील, पर आंगाला आंग लागलं का भांडाण पेटलंच. मधी हवा पायजे. चार बोटं."

मग मेन स्विच ओढून लाइन तोडून, उरलीसुरली वीज उतरवायला जमिनीला जोडलेला दांडा तिन्ही केबलींना टेकवून, ते आपला पंजा उभा आत घालत. चारी बोटं न अडकता निघाली की दार बंद. हे महिन्याचं झालं. रोजचा नेम वेगळा. लाइन आली की आप्पा पुढं मोटर चालू करायच्या हँडलपाशी उभे राहायचे आणि मच्छिंद्रनं मागं जाऊन दार उघडून बघायचं. आप्पा हाक द्यायचे, "ठोकळे जागंवर हायेत ना?" मच्छिंद्रनं म्हणायचं, "व्हय आप्पा, हायेत." दार लागल्याचा आवाज आला की मगच हँडल खाली. एवढ्या दोन वाक्यांवर ते पंपहाऊस चालत होतं म्हणा ना.

शहात्तर सालच्या दसऱ्याला आप्पा दरवर्षीसारखे नागपूरला गेले, दीक्षाभूमीवर. खंडेनवमीची पूजा मच्छिंद्रवर आली. पोपटराव पाहुणे घेऊन येणार, पॅनेलला मागूनपुढून हळदकुंकू लागणार. मच्छिंद्रनं सगळं धुऊनपुसून लख्ख केलं आणि मागचं दार उघडलं, तर आत ते मेणचट ठोकळे. नव्या नवरीच्या घरात जुनं जातं ठेवावं तसे दिसत होते. त्यानं ते उपसून काढले, नदीत भिरकावले, आणि तिन्ही केबली एकत्र घेऊन लाल-पिवळ्या दोऱ्यानं वरपासून खालपर्यंत अशी सुबक वेणी घातली की पाहुणे बघत राहिले. वर कुंकवाची बोटं ओढली. पोपटरावांनी चारचौघांत त्याच्या डोक्यावर टोपी घातली. "आमचा मच्छिंद्र म्हंजी कलाकार हाय," म्हणाले.

त्या टोपीनं घात केला. आप्पा परत आले, संध्याकाळी हँडलपाशी उभे राहिले, विचारलं, "ठोकळे जागंवर हायेत ना?" मागं उभ्या मच्छिंद्रच्या डोळ्यांपुढं ती वेणी होती. आता 'नाहीत' म्हणावं, तर शिव्या खाव्या लागणार, वेणी उलगडावी लागणार, टोपीची लाज जाणार. उद्या नवे करून बसवू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"व्हय आप्पा, हायेत."

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. आणि काही होत नाही म्हटल्यावर माणसाचा उद्या पुढं पुढं जातो. असे अठरा दिवस गेले. नदीवर दव पडायला लागलं. अठराव्या दिवशी मोटर चालू असताना आप्पांना उग्र, झोंबणारा वास आला. "कसला वास येतोय रं?" असं म्हणत ते पॅनेलच्या मागं गेले, बंद दाराशी कान नेला, आणि त्याच क्षणी आतून बार उडाला. दार बिजागऱ्यांसकट उखडलं. आप्पा तीन दिवस पुण्याच्या दवाखान्यात होते. शुद्धीवर न येताच चौथ्या दिवशी गेले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी जळलेलं पॅनेल बघितलं. दोरा तर राखेलाही उरला नव्हता. त्यांनी लिहिलं की केबलींमध्ये अंतर राखलेलं नव्हतं आणि त्याला जबाबदार वायरमन हौशीराम. ज्या माणसानं उभी हयात चार बोटांचं अंतर राखण्यात घालवली, त्याच्या नावावर हे लागलं. मच्छिंद्र साहेबांच्या शेजारी कंदील धरून उभा होता.

सहा महिने पाणी बंद राहिलं, दोन गावांची ज्वारी उभ्यानं करपली. आप्पांची बायको चांगुणा. सोसायटीनं तिला पंपहाऊस झाडायला ठेवलं, तेवढं एक बरं केलं. पण पाणवठ्यावर बाया तिला ऐकवायच्या, "तुज्या दाल्ल्यानं आमच्या पोराबाळांच्या तोंडचा घास जाळला." ती घागर भरून चालायला लागायची.

वैशाखात नवीन पॅनेल आलं. कंपनीच्या माणसानं केबलींमध्ये बेकेलाइटच्या पट्ट्या स्क्रूनं बसवल्या आणि सांगून गेला, आता बघायला नको. मच्छिंद्र वायरमन झाला. पहिल्या संध्याकाळी लाइन आली, तो एकटाच पुढं उभा राहिला, हँडलवर हात ठेवला, आणि पॅनेलच्या मागून हलकेच, नेहमीच्या आवाजात कुणीतरी विचारलं...

"ठोकळे जागंवर हायेत ना?"

त्याची पाचावर धारण बसली. मागं कुणी नव्हतं. दगडी भिंत, बंद दार, आणि मेणाचा वास. सवयीनं जीभ हलली. "व्हय आप्पा... हायेत." आवाज थांबला. त्यानं हँडल ओढलं.

तेव्हापासून रोज. आवाजात राग नसायचा, हेच त्याला सहन होत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या, मानगूट धरली असती, तर बरं वाटलं असतं. पण आप्पा तसेच विचारायचे, काळजीनं, दमलेल्या माणसासारखे. आणि मच्छिंद्र रोज तेच उत्तर द्यायचा, मागचं दार न उघडता. सहा महिन्यांत त्यानं त्या दाराला एकदाही हात लावला नव्हता. लावायची छातीच नव्हती.

तर त्या संध्याकाळी तो बाजाराची पिशवी घेऊन पोचला तेव्हा सहाला पाचच मिनिटं होती. नदीवरून गारवा येत होता, पाखरं गप्प झाली होती. आत केरसुणीचा आवाज येत होता. उद्याच्या पूजेसाठी चांगुणा झाडत होती.

"दोरा न्हाई आणला, काकी," त्यानं न विचारताच सांगितलं.

"नसू दे," ती म्हणाली. "माझं झालंच हाय. मागलं तेवढं ऱ्हायलंय." आणि केरसुणी घेऊन ती पॅनेलच्या मागच्या सांदीत शिरली.

भिंतीवरचा लाल दिवा लागला. लाइन आली होती. पलीकडच्या बांधावर माणसं खोरी घेऊन पाण्याची वाट बघत उभी असणार. मच्छिंद्रनं हँडलवर हात ठेवला. केरसुणी सरसर चालली होती, आणि तिच्यावरून, अगदी तिच्या शेजारून, आवाज आला.

"ठोकळे... जागंवर... हायेत ना?"

आज आवाज थकलेला नव्हता. घाई होती त्यात. मच्छिंद्रनं सवयीनं तोंड उघडलं. 'व्हय' ओठावर आलं. आणि त्याच्या ध्यानात आलं की दाराशी, बरोब्बर आप्पा उभे होते त्या जागेवर, चांगुणाकाकी वाकलेली आहे.

"ठोकळे..." पुन्हा.

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "ठावं न्हाई आप्पा. म्या बघितलंच न्हाई. सा म्हयने बघितलं न्हाई..." आणि एकदा बांध फुटल्यावर थांबतं कोण? "गेल्या साली बी नव्हते, आप्पा. म्याच काढले व्हते. म्याच नदीत टाकले. तुमी इचारलं तवा... अठरा दिस... म्या खोटं बोललो."

केरसुणी थांबली.

मोटर बंद, वारा बंद. लाल दिवा तेवढा जळत होता. मग चांगुणा सांदीतून बाहेर आली. पदर खोचलेला, केरसुणी हातात तशीच.

"कुणाशी बोलतूयास?"

त्यानं सांगितलं. वैशाखापासूनचं सगळं. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली.

"त्ये भूत मानत नव्हते," ती शेवटी म्हणाली. "आमच्यात न्हाई मानत. त्ये कसं हुतील भूत?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "पर इचारल्याबगर मशीन चालू करू देणारे बी नव्हते त्ये... दार उघड."

मच्छिंद्रनं मेन स्विच ओढला. दांडा जमिनीला जोडून हातात घेतला. त्याच्याकडून किल्ली कुलपात जाईना, तेव्हा तिनंच ती फिरवली. दार उघडलं आणि तो उग्र, झोंबणारा वास दोघांच्या तोंडावर आला. त्यानं दांडा केबलींना टेकवला आणि कंदील वर धरला.

मोटरींच्या थरथरीनं स्क्रू ढिले होऊन बेकेलाइटच्या पट्ट्या तळाशी पडल्या होत्या. तिन्ही केबली एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. जिथं चिकटल्या तिथं भस्मासारखी पांढरी भुकटी जमली होती आणि रबर आतवर कुरतडल्यासारखं झालं होतं. जेमतेम नखाएवढं उरलं होतं. आज हँडल ओढलं असतं, तर पुन्हा तोच बार झाला असता, आणि त्या सांदीत चांगुणा होती.

मच्छिंद्र खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. चांगुणा उभीच होती. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवेल अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

"वरीस झालं," ती म्हणाली. "पाणवठ्यावर बाया काय काय बोलल्या. म्या बी रातच्याला म्हणायची, ह्येंच्या हातनं चूक झाली आसंल. माज्या नवऱ्यावर म्या इश्वास ठिवला न्हाई, मच्छिंद्रा. त्ये तुज्यामुळं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आवंदा म्या नागपूरला जाणार न्हवते. ह्येंचे सोबती इचारतील, काय सांगू? उद्या चार लोकांत हेच बोलशील?"

"बोलन."

"मग जाईन म्या."

त्या संध्याकाळी पाणी सुटलं नाही. बांधावरची माणसं शिव्या घालत घरी गेली. चांगुणा घरी जाऊन एक फडकं घेऊन आली. आप्पांनी जादाचे करून ठेवलेले सागाचे ठोकळे होते त्यात, मेणात उकळलेले. कुरतडलेल्या केबली बदलायला दुसऱ्या दिवशी दुपार झाली. ठोकळे बसवल्यावर मच्छिंद्रनं पंजा उभा आत घातला. चारी बोटं न अडकता निघाली.

पूजेला दोन्ही गावं जमली. पोपटरावांनी नारळ हातात घेतला, तेव्हा मच्छिंद्र पुढं झाला आणि त्यानं सगळं सांगितलं, टोपीसकट. पोपटराव कानाशी पुटपुटले, "आरं, झालं गेलं. आता कशाला उकरतूस? भावकीची आबरू..." मच्छिंद्र थांबला नाही. मग खालच्या गावची म्हातारी सोजराबाई, जिनं पाणवठ्यावर सगळ्यात जास्त बोलून घेतलं होतं, ती उठली, चांगुणापाशी गेली आणि तिची पडशी स्वतःच्या खांद्यावर घेतली. एसटीच्या थांब्यापर्यंत ती तिच्याबरोबर चालत गेली. दौंडहून नागपूरची गाडी चांगुणाला मिळाली.

मच्छिंद्रचं पुढं काय व्हायचं ते पंच ठरवणार होते. नवा वायरमन येईपर्यंत त्यानंच बघावं, एवढंच ठरलं.

दसऱ्याला सणामुळं लाइन पहाटेच यायची होती, म्हणून तो अंधारातच पंपहाऊसवर आला. नदीवर धुकं होतं. आत दिवाबत्ती करून तो पॅनेलपुढं उभा राहिला. लाल दिवा लागला. त्यानं हँडलवर हात ठेवला आणि वाट बघितली.

कुणी विचारलं नाही.

त्यानं आणखी वाट बघितली. मेणाचा वास होता, पण तो ठोकळ्यांचा. सांदीत शांत होतं, रिकाम्या घरासारखं. आप्पा गेले होते. मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि किती महिन्यांनी त्याची छाती हलकी झाली. "जय भीम, आप्पा," तो हळूच म्हणाला. हे शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले.

मग त्याला पॅनेलच्या मागून आवाज आला.

आप्पांचा नव्हता. तरणा, जरासा घाईतला, काहीतरी लपवणारा आवाज. तो त्यानं चांगलाच ओळखला, कारण तो त्याचा स्वतःचा होता, गेल्या सालच्या त्या अठरा दिवसांतला. कुणी काही विचारलेलं नसताना तो आवाज म्हणाला,

"व्हय आप्पा, हायेत."

मच्छिंद्रनं हँडलवरचा हात काढला. मेन स्विच ओढला, दांडा घेतला, कंदील घेतला आणि मागचं दार उघडायला निघाला. तो सांदीत शिरला, तेव्हा तो आवाज दाराच्या आत होता, आणि अजून तेच म्हणत होता.